कापसाचे गाव आणि कापडाचे गाव

१९७३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. लगेच पुढच्या वर्षी संमेलनाचा मांडव इचलकरंजीत पडला आणि पु. ल. देशपांडे अध्यक्षस्थानी बसले. राज्याच्या दोन टोकांना असलेली ही दोन गावे पाहुणचाराच्या बाबतीत तरी महाराष्ट्राने तेव्हा एका पंगतीत बसवली होती. २०१९ च्या जानेवारीत संमेलन पुन्हा यवतमाळला आले, तेव्हा उद्घाटनाला व्यासपीठावर उभी राहिली ती आत्महत्या केलेल्या एका कास्तकाराची पत्नी. मधल्या सेहेचाळीस वर्षांत यवतमाळची ओळख कशाने झाली, हे त्या एका दृश्याने सांगितले.

अलीकडे यवतमाळचा एक कार्यकर्ता इचलकरंजीला जाऊन आला. निमित्त घरगुती होते. भाच्याला तेथील वस्त्रतंत्राच्या महाविद्यालयात पोचवायचे होते. ज्या घराण्यात चार पिढ्या पऱ्हाटी पिकली, त्या घराण्यातील मुलाला सुताचा आणि कापडाचा धंदा शिकायला सारा महाराष्ट्र ओलांडून जावे लागते, यातील विसंगती त्याच्या प्रथम ध्यानात आली नाही, परतताना आली. तीन दिवस तो तेथे राहिला. पहिल्या दोन रात्री मागांच्या खडखडाटाने त्याचा डोळा लागला नाही आणि तिसऱ्या रात्री वीज जाऊन खडखडाट एकदम थांबला, तेव्हा तो दचकून जागा झाला. गल्लीगल्लीत माग, घराच्या खाली माग आणि वर बिऱ्हाड, हातगाड्यांवरून चाललेली बीमे, टेम्पोतून उतरणारी सुताची पोती, चहाच्या टपरीवरसुद्धा सुताच्या भावाची चर्चा. यवतमाळच्या दत्त चौकात संध्याकाळी कापसाच्या भावाची चर्चा चालते तशीच ती; फरक इतकाच की तेथे भाव वाढला म्हणजे लोक कपाळाला हात लावतात.

परतल्यावर मित्रमंडळींच्या बैठकीत त्याने जे सांगितले, त्याचा सारांश नवा नाही. कापूस यवतमाळात पिकतो आणि कापड इचलकरंजीत होते. तेथील माणसे उद्यमी आहेत, येथली माणसे नशिबाला बोल लावीत बसतात. तेव्हा येथेही माग आले पाहिजेत, गिरण्या आल्या पाहिजेत. बैठकीत माना डोलल्या. एक वयस्कर सहकारी तेवढा म्हणाला, ‘हे भाषण मी एकाहत्तर सालीही ऐकले होते.’

तुलनेतील वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. यवतमाळ हे इंग्रजी अमलापासून जिल्ह्याचे ठिकाण. कलेक्टर कचेरी, न्यायालये, महाविद्यालये, रुग्णालय हे सारे येथे आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख १६ हजारांच्या घरात होती. इचलकरंजी जिल्ह्याचे ठिकाण नाही. ती ज्या तालुक्यात मोडते त्याचे नाव हातकणंगले. तिची लोकसंख्या त्याच जनगणनेत २ लाख ८७ हजार भरली आणि २०२२ साली तेथे महानगरपालिका झाली. एका गावाला सरकारने मोठे केले, दुसरे धंद्याने मोठे झाले. सरकारी गावाची वाढ कचेऱ्यांच्या संख्येइतकीच होते, हे विदर्भातील आणखीही काही शहरांना लागू आहे.

पण माणसे उद्यमी आणि माणसे आळशी, हे उत्तर जितके सोपे तितकेच खोटे. खरे उत्तर शोधायचे तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते, आणि तेथे दोन तारखा शेजारी शेजारी उभ्या आहेत. १९०३ साली मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद रुळांचा लोहमार्ग बांधला गेला. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीचा हा उद्योग. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मूर्तिजापूरच्या मोठ्या मार्गावर, तेथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरला जावा, हा त्याचा एकमेव हेतू. ‘शकुंतला’ हे लाडके नाव लोकांनी त्या गाडीला नंतर दिले. तिचे वाफेचे इंजिनही मँचेस्टरमध्येच घडवलेले होते. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावले. देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हा मार्ग मूळ कंपनीच्याच मालकीचा राहिला, आणि आता काही वर्षांपासून त्यावर गाडीच नाही. रुळांमध्ये बाभळी उगवल्या आहेत.

दुसरी तारीख १९०४ ची. त्या वर्षी इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग उभा केला. जहागिरीचे अधिपती नारायणराव घोरपडे यांचा त्याला पाठिंबा होता. स्वदेशीचे वारे वाहत होते, जहागीरदाराला आपल्या गावात काही घडावे अशी इच्छा होती आणि स्थानिक भांडवल स्थानिक धंद्यात घालणारा माणूस मिळाला. इचलकरंजीला तेव्हा रेल्वे नव्हती; आजही नाही. गाठी नेण्यासाठी रूळ मिळालेल्या गावात माग आला नाही आणि रूळ न मिळालेल्या गावात लाखाच्या घरात माग उभे राहिले. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या थेट अमलाखाली होते. त्यांना येथे रुई हवी होती, कापड नको होते. म्हणून यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद या गावांत यंत्रे आली ती सरकी काढण्याची आणि गाठी दाबण्याची. जिनिंग आणि प्रेसिंग या दोन शब्दांपलीकडे यंत्रयुगाचा तिसरा शब्द या जिल्ह्याला कोणी शिकवलाच नाही. परक्या सत्तेने नेमलेली ही जागा स्वराज्यात बदलावयास हवी होती. ती का बदलली नाही, हा खरा प्रश्न.

आणि या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘पश्चिम महाराष्ट्राने अन्याय केला’ असे देता येत नाही. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत सलग अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्याच घराण्यातील सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री होते. सत्ता यवतमाळच्या दारात पाणी भरीत होती असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे. मंत्रिपदे मिळाली, रस्ते झाले, शिक्षणसंस्था निघाल्या. कापसाचे सूत मात्र झाले नाही. विकासाच्या अनुशेषाचा हिशेब १९८४ मध्ये दांडेकर समितीने मांडला, १९९४ साली वैधानिक मंडळे आली आणि २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली. हा हिशेब रस्ते, पाटबंधारे, शाळा, वीज यांचा होता. कापसाच्या बोंडापासून सदऱ्यापर्यंतच्या प्रवासात जिल्ह्याच्या हातून किती जाते, हा अनुशेष त्यात शोधून सापडत नाही.

तो अनुशेष मोजणे मुळीच कठीण नाही. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी. कातताना घट वजा जाता २७-२८ किलो सूत होते. मध्यम प्रतीच्या कापडाला मीटरमागे १२० ग्रॅम सूत धरले, तर सव्वादोनशे मीटर कापड विणले जाते. म्हणजे शंभर सदरे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला केंद्र सरकारचा हमीभाव ८,११० रुपये होता. म्हणजे एका सदऱ्यामागे कास्तकाराला मिळाले ८१ रुपये, आणि तेही हमीभाव पदरात पडला तर, आणि शंभर सदऱ्यांखेरीज सरकीचे तेल व ढेप फुकटात देऊन. या ८१ रुपयांतून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी आणि सावकाराचे व्याज जायचे आहे. तो सदरा बाजारात कितीला मिळतो हे कोणत्याही कार्यकर्त्याने स्वतःच्या अंगावरच्या कपड्याकडे पाहून ठरवावे.

इतके कळल्यावर ‘माग आणा’ ही मागणी आपोआप ओठांवर येते. पण इचलकरंजी कशी उभी राहिली, हेही त्याच चिकित्सेने पाहिले पाहिजे. पन्नाशीच्या दशकात केंद्र सरकारने गिरण्यांतील मागांच्या वाढीवर बंधन घातले. हेतू हातमागाला संरक्षण देण्याचा होता. प्रत्यक्षात मोकळी झालेली जागा हातमागाने घेतली नाही, यंत्रमागाने घेतली. कारण चार-सहा माग घरात टाकणाऱ्याला गिरणीचे कायदे लागत नव्हते. त्याच काळात कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस आला, उसाबरोबर सहकार आला. रत्नाप्पा कुंभारांनी पंचगंगा साखर कारखाना काढला. दत्ताजीराव कदमांसारख्यांनी सहकारी सूतगिरणीचा पाया घातला. शेतीत पाण्याच्या जोरावर शिल्लक राहिली, ती सहकारी बँकांत गेली, तेथून मागांवर आली. यवतमाळच्या कोरडवाहू कास्तकाराजवळ शिल्लक म्हणून राहते ते फक्त मागच्या वर्षीचे कर्ज. ज्या सहकारी पतपेढीत ठेवी नाहीत, ती कर्ज कोठून देणार? जिल्ह्यात सहकारी सूतगिरण्या निघाल्या नाहीत असे नाही. निघाल्या, सभासदांकडून भागभांडवल गोळा झाले, कोनशिलांवर नावे कोरली गेली. त्यांतील कित्येकांच्या चात्या पुढे थांबल्या.

मग १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. मालकांनी संप मोडण्याची फार घाई केली नाही, कारण कापड विणून घेण्याची दुसरी सोय त्यांना उपलब्ध झाली होती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील मागांवर मुंबईचे कापड निघू लागले. संघटित कामगाराचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान या साऱ्यांपासून सुटका करून घेण्याचा तो राजमार्ग ठरला. गिरणगावात ज्या घरांतील चुली विझल्या, त्यांच्या धगीवर इचलकरंजीच्या भरभराटीचा काही भाग शिजला, असे म्हणणे कटू आहे पण अन्यायाचे नाही. येथील साध्या यंत्रमागधारकाचा त्यात दोष नाही. त्यालाही कोणी तरी सूत देऊन मजुरीवर विणवून घेतच होते.

यवतमाळच्या पाहुण्याने नेमके हेच पाहिले नाही. त्याला माग दिसले. मागापाशी उभा असलेला माणूस दिसला नाही. इचलकरंजीतील मागवाल्यांपैकी मोठा वर्ग ‘खर्चीवाला’ आहे. त्याचे स्वतःचे सूत नसते. व्यापारी सूत देतो, हा कापड विणून देतो आणि पिकाच्या हिशेबाने मजुरी घेतो. माग त्याचे, कर्ज त्याचे, वीजबिल त्याचे. भाव ठरवणारा दुसराच. यवतमाळचा कास्तकार त्या माणसाला पाहताक्षणी ओळखू शकला असता. जमीन आपली, कर्ज आपले, जोखीम आपली. भाव मात्र व्यापाऱ्याचा, ही त्याचीच गोष्ट आहे. मालक म्हणवून घेण्याचा मान तेवढा दोघांना मिळतो.

आणि या मालकाच्याही खाली माणूस आहे. बारा बारा तासांच्या पाळ्या, एकाच माणसाकडे चार, सहा, आठ माग, कानाला दडे बसवणारा आवाज, फुप्फुसात जाणारी कापसाची धूळ. मजुरी मीटरवर ठरते. विणलेल्या शंभर सदऱ्यांच्या कापडामागे त्याच्या हाती काही शेकडे रुपये पडतात. कांडीवाला, वहिफणीवाला, जॉबर, सायझिंगचा कामगार, मेंडिंग करणाऱ्या बाया या साऱ्यांची हीच कथा. पूर्वी हे कामगार आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून आणि उत्तर कर्नाटकातून येत. आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातूनही येतात. २०१३ साली यंत्रमाग कामगारांनी किमान वेतनासाठी मोठा संप केला. २०१५ साली सायझिंग कामगारांनी केला. कल्याणकारी मंडळाची मागणी तर वर्षानुवर्षे मोर्चांच्या फलकांवर आहे. ज्या गावात १९७७ साली आचार्य शांताराम गरूड यांनी समाजवादी प्रबोधिनी स्थापन केली, त्या गावात चळवळीची परंपरा नाही असे कोणी म्हणणार नाही. तरीही मागापाशी उभ्या राहणाऱ्याला ओळखपत्र आणि हजेरीपत्रक मिळवण्यासाठी झगडावे लागते.

यवतमाळच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर ठरते आणि इचलकरंजीच्या मागवाल्याची मीटरवर. एकीचे वजन होते, दुसऱ्याची लांबी मोजली जाते. दोघांच्याही दिवसाचे मोजमाप कोणी करीत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. त्यांत स्वतःच्या शेतात फवारणारे होते तसे रोजाने दुसऱ्याच्या शेतात फवारणारेही होते. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने उभे पीक खाल्ले. विष माणसांना लागू पडले, अळीला पडले नाही, असे तेव्हा खेड्यांतून लोक बोलत. त्यात विनोद नव्हता.

पाण्याची तुलना केली तर पाहुण्याचा हेवा आणखी कमी व्हावा. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली, यवतमाळचे नळ आठवडेच्या आठवडे कोरडे राहिले आणि टँकरमागे माणसे रात्रभर धावली. बेंबळा प्रकल्पावरून पाणी आणण्याची योजना तेव्हा अर्धवट होती. इचलकरंजीच्या उशाला पंचगंगा वाहते. पण ती शहराच्या सांडपाण्याने आणि प्रोसेसच्या रंगीत पाण्याने अशी काही बिघडली की २०१२ साली काविळीच्या साथीत अनेकांचे प्राण गेले. शहराने कृष्णेचेही पाणी आणले. ते पुरेना म्हणून वारणेकडे पाहिले. दानोळीच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. मग दूधगंगेकडे पाहिले. सुळकूडच्या बाजूने विरोध झाला. आपली नदी घाण करून दुसऱ्याची मागायची, हा शेतकऱ्यांचा आक्षेप. आणि रोज कामावर जाणाऱ्या कामगाराच्या घरात घागरभर पाणी नाही, हे शहराचे गाऱ्हाणे. दोन्ही खरी आहेत. रंगाचे पाणी शुद्ध न करता नदीत सोडण्यात ज्यांचा खर्च वाचला, ते मात्र या भांडणात कोणत्याच बाजूला दिसत नाहीत.

म्हणून ‘यवतमाळची इचलकरंजी करा’ ही घोषणा देण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी थांबावे. हे म्हणणे उद्योगाच्या विरोधाचे नाही. कापूस जेथे पिकतो तेथेच त्याचे सूत आणि कापड व्हावे, याहून न्याय्य मागणी नाही. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत १९९६ पासून डेनिमचे कापड निघते, म्हणजे या मातीत कापड होत नाही असेही नाही. प्रश्न आहे तो कोणाच्या मालकीने आणि कोणत्या अटींवर, एवढाच. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे केंद्राच्या योजनेतील मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला झाली. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात राज्यातील कापसावरील प्रक्रिया तीस टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. शेतापासून परदेशापर्यंतची साखळी असे या साऱ्याचे वर्णन केले जाते. या साखळीत कास्तकार कोठे आहे? पहिल्या कडीपाशी, पूर्वी होता तेथेच; कापूस मोजून देणारा. उद्यान अमरावतीजवळ झाले काय आणि मँचेस्टरला झाले काय, कापसाचा काटा सोडून तो पुढे सरकत नसेल तर त्याच्या दृष्टीने फरक मोटारभाड्याचा. याच जिल्ह्यातील दाभडीला २० मार्च २०१४ रोजी उत्पादनखर्चावर पन्नास टक्के नफ्याचे आश्वासन दिले गेले होते. त्याचे काय झाले हे दाभडीच्या लोकांना विचारण्याची फारशी गरज उरलेली नाही.

एकाधिकार कापूस खरेदी योजनेचा अनुभव या ठिकाणी आठवावा लागतो. १९७१ च्या कायद्याने आलेली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून चाललेली ही योजना समाजवाद्यांना आपली वाटत होती, आणि ते चुकीचे नव्हते. व्यापाऱ्याच्या हातून कापूस काढून घेण्याचा तो देशातील सर्वांत धाडसी प्रयोग होता. पण केंद्रावर बंड्यांच्या रांगा दिवसचे दिवस उभ्या राहिल्या, प्रतवारीत हात ओले झाले, चुकारे हप्त्याहप्त्याने आले, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रात्रीतून सीमा ओलांडू लागला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने योजनेलाच विरोध केला. बाजार मोकळा झाला की भाव मिळेल हा त्यांचा विश्वास होता. २००२ च्या सुमारास एकाधिकार संपला. बाजार मोकळा झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत यवतमाळचे नाव देशभर झाले ते कशामुळे हे सर्वांना माहीत आहे. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या एका कास्तकाराने कुटुंबासह जीवन संपवले, तेव्हा एकाधिकार चालू होता, हेही विसरून चालणार नाही. म्हणजे योजना असतानाही माणूस मेला आणि नसतानाही. या दोहोंच्या वादात चळवळीची वीस वर्षे गेली. योजनेचा मूळ दोष वेगळाच होता, आणि त्याकडे समर्थकांनी पाहिले नाही, विरोधकांनीही नाही. सरकार कापूस घेई, जिनिंग करी, गाठ बांधी आणि ती गाठ गिरणीला विकून मोकळे होई. शकुंतलेच्या डब्यात गाठ चढवून देणाऱ्या इंग्रज कंपनीच्या पुढे ते एक पाऊलही गेले नाही. नफा गाठीच्या पुढे होता.

आज हीच गाठ दोन गावांच्या मध्ये येऊन पडली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. वस्त्रोद्योगाच्या संघटनांची ही मागणी होती. अमेरिकेने भारतीय मालावर जकात चढवली, कापड महाग झाले, तेव्हा कापूस तरी स्वस्त मिळावा, हे त्यांचे म्हणणे. यवतमाळात वेचणीला सुरुवात होण्याच्या तोंडावर हे घडले. कास्तकारांनी निषेध केला. इचलकरंजीत यंत्रमागधारक सूत स्वस्त होण्याची वाट पाहत होता. दोन गावांपैकी एकाच बातमीने एक रडणार आणि दुसरे हसणार, अशी ही व्यवस्था. पण हसणाऱ्याच्याही पदरात काय पडते? सूत स्वस्त झाले म्हणून खर्चीवाल्याच्या पिकाची मजुरी वाढली, मागाजवळच्या कामगाराचे मीटरचे पैसे वाढले, असे कधी घडलेले नाही. कापूस चढला की मजुरी रोखण्याला ते कारण होते. कापूस उतरला की कापडही उतरले, हे कारण होते.

यवतमाळच्या बैठकीत त्या वयस्कर सहकाऱ्याने पाहुण्याला अखेर एक साधा प्रश्न विचारला : तीन दिवसांत तेथील एखाद्या कामगार संघटनेच्या कचेरीत तो गेला होता का? गेला नव्हता. मागवाल्यांच्या घरी जेवला, महाविद्यालय पाहिले, पंचगंगेचा घाट पाहिला, येताना चादरी आणल्या. पन्नास वर्षांत विदर्भातून पश्चिम महाराष्ट्राकडे गेलेल्या अभ्यासदौऱ्यांची कथा याहून वेगळी नाही. साखर कारखान्याच्या पाहुणचाराला जायचे, सहकारमहर्षींचा सत्कार करायचा आणि परतून आपल्या माणसांना आळशी म्हणायचे. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांकडे कोणी फिरकले नाही, मागाच्या शेडमध्ये रात्रपाळीला कोणी गेले नाही.

उलट्या दिशेने तर कोणीच आले नाही. इचलकरंजीत सूत हाताळणाऱ्या हजारो हातांपैकी पऱ्हाटीचे झाड पाहिलेले किती असतील? कापसाच्या हमीभावाची मागणी म्हणजे आपल्या पोटावर पाय, असे मालक सांगतो ते कामगाराने खरे मानले तर त्याला दोष देता येणार नाही. दुसरे काही त्याला कोणी सांगितलेलेच नाही. सदऱ्याच्या किमतीत कापसाचा वाटा किती, त्याच्या स्वतःच्या मजुरीचा किती आणि उरलेला कोणाचा, हा हिशेब दोन्ही गावांच्या लोकांनी एका फळ्यावर मांडून पाहिलेला नाही. तो मांडला तर काही गोष्टी लगेच ठरवता येतील. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या संयुक्त मालकीची सूतगिरणी यवतमाळात काढायची झाली तर भागभांडवल केवळ कोरडवाहू कास्तकाराकडून येणार नाही, हे अनुभवाने कळले आहे. हमीभावाच्या खरेदीत सरकार जो पैसा घालते, त्यातील हिस्सा गाठीऐवजी चातीवर का घालू नये, ही मागणी पुढे करता येईल. सूत कोणाला विकायचे हा प्रश्न त्याच क्षणी येतो, आणि त्याचे उत्तर खर्चीवाल्यांच्या सहकारी संस्थांत आहे, ज्या आज व्यापाऱ्याच्या सुतावर जगतात. तिसरी अट कामगाराची : जेथे हे सूत जाईल तेथे किमान वेतन आणि हजेरीपत्रक असले पाहिजे. यांतील एकही गोष्ट यवतमाळला एकट्याने किंवा इचलकरंजीला एकट्याने करता येण्याजोगी नाही.

भाचा तेथे चार वर्षे राहणार आहे. दिवाळीत घरी येईल तेव्हा वेचणी ऐन भरात असेल. येताना बरोबर वर्गमित्रांपैकी एखाद्या माग कामगाराचा मुलगा घेऊन ये, असे त्याला कळवावे, इतकेच त्या बैठकीत ठरले.